पक्षाघातानंतरची सुधारणा मोजताना या चुका टाळा

मुंबईहून मुलगा फोन करतो, "बाबा कसे आहेत?" घरातून उत्तर जातं, "बरीच सुधारणा आहे." गणपतीला तो गावी येतो आणि बाबा अजून धरल्याशिवाय पडवीची एक पायरीही चढत नाहीत हे बघून त्याचा चेहरा उतरतो. घरातलं कुणी खोटं बोललेलं नसतं. अंगावरून वारं गेलेल्या माणसात बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला तो धड कळत नाही. म्हणून मोजावं लागतं.

गुहागर-दापोलीकडच्या गावांत मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. पिशवीत स्टॉपवॉच, टेप, सांध्यांचे कोन मोजायचा गोनिओमीटर आणि खडू, एवढंच सामान. चुका साधनांत नसतात, मोजायच्या पद्धतीत असतात. घरच्यांच्या हातून होतात तशा आमच्याही हातून होतात.

खुर्ची बदलली की आकडा बदलतो

'टाइम्ड अप अँड गो' ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे. पेशंटने खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. किती सेकंद लागले ते लिहायचं. एका तांडेल काकांना पहिल्या वेळी ३४ सेकंद लागले होते. तीन आठवड्यांनी २६ लागले. काकूंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मीही आनंदाने वही उघडली आणि लिहिता लिहिता आठवलं, मागच्या वेळी काका ओटीवरच्या बुटक्या लाकडी खुर्चीतून उठले होते. आज उंच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. जुनी खुर्ची मागवली, काकांना दम खाऊ दिला आणि पुन्हा वेळ लावली. ३२ सेकंद. एवढा दोन सेकंदांचा फरक या चाचणीत एरवीही पडतो, त्याला सुधारणा म्हणता येत नाही. काकूंना ते सांगताना मला फार जड गेलं. खुर्चीची उंची पहिल्याच दिवशी लिहून ठेवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

या चाचणीची खुर्ची हाताची असावी, बैठक जमिनीपासून साधारण ४६ सेंटीमीटरवर. तशी घरात नसेल तर आहे ती घ्या, पण दर वेळी तीच. पहिल्यांदा चप्पल घालून मोजलं तर पुढेही चप्पल घालूनच. काठी घेतली असेल तर काठी लिहा. सकाळी व्यायामाआधी घेतलेला आकडा आणि संध्याकाळी दमल्यावर घेतलेला आकडा शेजारी शेजारी ठेवू नका. सारवलेलं अंगण, गुळगुळीत लादी आणि जांभ्याचे चिरे यांवर पाऊल वेगवेगळं पडतं, तेव्हा जागाही ठरलेली हवी. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरतं. तिथे त्या दिवसांत चाचणी घेऊच नये, पडण्याचा धोका असतो. आणि मुलाने मायेने नुसता कोपराला हात लावला, तरी तो आकडा 'मदतीसह' म्हणूनच लिहायचा.

चालण्याचा वेगही असाच फसवतो. मी सरळ दहा मीटर आखते. पहिले दोन मीटर वेग धरायला आणि शेवटचे दोन थांबायला सोडते, मधल्या सहा मीटरची वेळ घेते. सहा मीटरला १५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. त्याहून हळू चालणारा माणूस बहुधा घरापुरता चालतो. साडेसात सेकंद म्हणजे ०.८ मीटर. त्याच्या पुढे गेलं की गावात आपलं आपण फिरता येण्याची शक्यता चांगली असते. पहिल्या दोन महिन्यांत वेग सेकंदाला साधारण ०.१६ मीटरने वाढला तर तो फरक पेशंटच्या रोजच्या जगण्यात जाणवतो. पण "नेहमीसारखं चाला" आणि "जरा जोरात चाला" या दोन सूचनांचे आकडे वेगळे येतात. कोणती सूचना दिली ती मी शब्दशः लिहून ठेवते.

हात वर गेला, पण कसा गेला?

"डॉक्टरना हात वर करून दाखवा," असं घरचे कौतुकाने सांगतात. पेशंट खांदा कानाकडे खेचतो, कंबरेतून चांगल्या बाजूला झुकतो, कोपर दुमडतं आणि हात छातीपर्यंत येतो. सगळे खूश होतात. यात पाठीचं काम बरंच झालं आणि हाताचं थोडंच. १९७५ साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या फुगल-मायर चाचणीत हाताच्या ३३ हालचाली बघतात, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण ६६. खांदा उचलायला गेलं की कोपर आपोआप दुमडत असेल, तर ते साखळीने येणारं काम आहे. कोपर सरळ ठेवून हात पुढे नेता आला की त्याचे गुण वेगळे. घरी बघायचं असेल तर पाठ भिंतीला टेकवून बसवा. मुंबईला पाठवायचा व्हिडिओही एकदा समोरून आणि एकदा बाजूने, त्याच जागेवरून घ्या. नुसता समोरून काढलेला व्हिडिओ धड किती झुकलं ते नीट दाखवत नाही.

बॉल दाबायचा सल्ला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण देतो. मग घट्ट मूठ वळली की "ताकद आली" म्हणतात. मूठ वळणं बहुतेकांना आधी जमतं, त्यात ताठरपणाही भर घालतो. अवघड असतं ते बोटं उघडणं, आणि मोजायचं ते हेच. तांडेल काकांना जाळं दुरुस्त करायची सुई मुठीत धरता येत होती, पण सोडता येत नव्हती. दुसऱ्या हाताने बोटं उलगडावी लागत. आम्ही तीच चाचणी केली: सुई उचलायची, शेजारच्या वाटीत सोडायची, एका मिनिटात किती वेळा. पहिले पंधरा दिवस शून्य. मग एक. त्या एकावर काका किती तरी वेळ वाटीकडे बघत बसले.

ताठरपणा मोजायला सुधारित ॲशवर्थ श्रेणी असते, शून्यापासून चारपर्यंत, मध्ये 'एक अधिक' ही जादा पायरी. पेशंटला त्याच स्थितीत निजवून, शक्यतो एकाच तपासणाऱ्याने, मोजकेच वेळा हात हलवून बघायचं. पुन्हा पुन्हा हलवला की तो सैल पडतो आणि श्रेणी उगाच खाली दिसते. उलट बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग किंवा खांद्याचं दुखणं असेल तर ताठरपणा वाढतो. आकडा लिहिण्याआधी ते विचारा.

'करू शकतात' आणि 'करतात'

बार्थेल निर्देशांक १९६५ पासून चालत आला आहे. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, जिने अशा दहा कामांचे मिळून १०० गुण. इथे गुण द्यायचे ते पेशंट प्रत्यक्षात काय करतो त्याला. सून भात कालवून घास भरवते, कारण सांडलं तर काकांना वाईट वाटेल. ती माया खरी आहे, पण जेवणाचे गुण मात्र कमी होतात, आणि हाताला दिवसातून दोनदा मिळणारा सराव जातो. मी घरच्यांना दोन्ही प्रश्न वेगळे विचारते: त्यांना जमतं का, आणि ते करतात का? उत्तरं जुळली नाहीत तर आधी तिथेच काम करायचं असतं.

रोज मोजू नका. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने पुरतं. रोजच्या चढउताराने पेशंट खचतो. चाचणीही माणसाबरोबर बदलावी लागते. बर्ग तोल चाचणीत १४ कामं आणि ५६ गुण आहेत. ५४-५५ वर पोचलेल्या माणसाला ती फार काही नवं सांगत नाही, आणि तरी त्याला फेरीबोटीसाठी धोपाव्याच्या जेट्टीचा उतार उतरायची भीती वाटते. त्याच्यासाठी सहा मिनिटांत किती मीटर चालला, किती पायऱ्या चढला हे बघा. जो अजून उठत नाही त्याच्यासाठी आधाराविना किती वेळ बसला ते मोजा.

सहा महिने झाले की वही बंद करू नका. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो, पण सराव चालू असेल तर कामं पुढेही नव्याने जमतात.

आकडा एकदम घसरला तर व्यायाम वाढवू नका, कारण शोधा. ताप, लघवीची जळजळ, सुजलेला गुडघा, बदललेलं औषध, उडालेली झोप, खचलेलं मन. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय अचानक गळाला, तर तो पक्षाघाताचा नवा झटका असू शकतो, चाचणी घेत बसू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते कुणाला द्यायचं हे सीटी स्कॅन झाल्यावरच ठरतं, आणि आमच्या गावांतून त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. गाडी बोलावतानाच, माणूस शेवटचा ठीक दिसला ती वेळ घड्याळात बघून कागदावर लिहा आणि तो कागद गाडीत बसणाऱ्याच्या हातात द्या.