मुलांची शाळा उगाच बुडू नये म्हणून घरात काय काय करता येतं

माझा मुलगा पहिलीत होता तेव्हा मला वाटायचं याची शाळा कधी बुडतच नाही, आणि वर्षाच्या शेवटी प्रगतीपुस्तक हातात आलं तर २३ दिवस गैरहजर! आजारी फार तर आठ दिवस असेल, बाकीचे सगळे सुटे सुटे गेलेले, कधी पाऊस, कधी साखरपुडा, कधी गावावरून यायला उशीर.

म्हणून पहिलं काम, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बुडालेल्या दिवसाला लाल गोल करा आणि बाजूला कारण लिहा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा धरलीये, त्यातले २० गेले म्हणजे दहा टक्के शाळा गेली, आणि महिन्याला दोन दांड्या झाल्या की तेवढे सहज होतात. दोन महिन्यांत गोल कुठे पडतायत ते दिसतं. आमचे बरेचसे सोमवारी होते, कारण आम्ही रविवारी रात्रीच्या गाडीने कोकणातून निघायचो आणि पहाटे ठाण्याला उतरून ऐरोलीत घरी येईपर्यंत पोरगं पार गळून गेलेलं असायचं. आता दिवसाच्या गाडीचं बुकिंग करतो, तेवढ्यानेच निम्मे गोल गेले.

दुसरं, सकाळची तयारी आदल्या रात्री उरकायची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, म्हणजे साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊला लाईट बंद, आणि ते मोठ्यांनीही टीव्ही बंद केला तरच जमतं. दप्तर दाराशी, भाजी चिरून फ्रिजमध्ये. जुलैत युनिफॉर्म वाळत नाही, त्यामुळे दोन जोड हवेतच, आणि ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे.

पाऊस जोरात असला की व्हॉट्सॲपवर सुट्टीचे मेसेज फिरतात, जुने पण असतात त्यात. शाळेचा ग्रुप किंवा महापालिका, जिल्हाधिकारी यांची घोषणा बघा, नसेल तर रेनकोट घालून निघा. व्हॅनवाले काका आले नाहीत तर कोण सोडणार हे बिल्डिंगमधल्या एखाद्या घराशी आधीच बोलून ठेवा.

आता सगळ्यात अवघड, सकाळी सकाळी "आई, पोटात दुखतंय". ताप, उलटी, जुलाब असेल तर घरीच ठेवा, आणि तापाचं औषध न देता २४ तास ताप आला नाही की मगच पाठवा. पण शाळेच्या दिवशीच दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी मजेत खेळतो असं असेल तर ते खोटं आहे म्हणून ओरडू नका प्लीज, भीतीनेही पोट खरंच दुखतं. मी ओरडले होते, अजून वाईट वाटतं. मग एकदा संध्याकाळी भाकऱ्या करताना सहज विचारलं, डब्याच्या सुट्टीत कोण कोण असतं, शूला कोणाबरोबर जातोस, तेव्हा कळलं की टॉयलेटची कडी अडकते आणि एकदा तो आत अडकला होता, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचा नाही. बाईंना सांगितलं, दोन दिवसांत कडी बदलली, पोटदुखी गेली. "शाळेत काय झालं" विचारलं की मुलं "काही नाही" म्हणतात, म्हणून असं छोटं छोटं विचारायचं, आणि संध्याकाळीच, सकाळच्या घाईत नाही.

ज्या दिवशी खरंच घरी राहील त्या दिवशी आराम, पेज, गोष्टीचं पुस्तक, मोबाईल नाही.

अजून एक, हे मी आमच्या सेक्टरमध्ये बघते आणि जीव तुटतो. आईवडील कामाला जातात म्हणून धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीला घरी ठेवतात, तेही दुसरी-तिसरीतली पोर. धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, पैसे लागत नाहीत, खाऊही मिळतो. अंगणवाडी लवकर सुटते, तेव्हा पुढच्या एक-दोन तासांसाठी शेजारच्या आजींना विचारा. कोणी अशी आई ओळखीची असेल तर तिच्याबरोबर स्वतः जाऊन नाव घालून द्या.

आणि शाळा बुडलीच तर त्याच संध्याकाळी वर्गातल्या कोणाच्या तरी आईकडून वहीचे फोटो मागवून घ्या, नाहीतर अभ्यास राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी परत पोटात दुखायला लागतं.