फिजिओथेरपीच्या शिक्षणावर संशोधन कसे करावे : बडोद्यातील अध्यापकांसाठी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी

फिजिओथेरपीचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधू लागला की त्याची नजर बहुधा गुडघा, खांदा किंवा कंबर यांवर स्थिरावते. कोणते व्यायाम, किती आठवडे आणि वेदना किती कमी झाली, असा आराखडा तयारच असतो आणि त्या वाटेने जाणे सोपे पडते. ते व्यायाम शिकवणारा हात कसा घडतो आणि पदवी मिळून दहा वर्षे झाल्यावर त्या हाताचे काय होते, हा विषय मात्र फार थोडे जण घेतात. तो अधिकांनी घ्यावा असे मला मनापासून वाटते, आणि बडोद्यात तो घेण्याजोगी परिस्थितीही आहे. सयाजी हॉस्पिटलसारखे मोठे सरकारी रुग्णालय शहरात आहे, वाघोडिया आणि पिपरियाच्या बाजूला विद्यापीठांची फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत आणि अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत खासगी क्लिनिके पसरलेली आहेत. राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाची तरतूद झाली आणि २०२५ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम जाहीर झाला. विद्यार्थ्यात अमुक क्षमता आली असे आता आपल्याला लेखी म्हणावे लागणार आहे, तेव्हा ती कशी पाहायची हेही आपल्यालाच शोधावे लागेल.

प्रश्न वॉर्डात सापडतो

विषय ठरवण्यापूर्वी एक आठवडा वही घेऊन वॉर्डात आणि ओपीडीत उभे राहावे. या आठवड्यात शिकवू नये, दुरुस्तीही करू नये (रुग्णाला इजा होण्याची शक्यता असेल तर अर्थातच मध्ये पडावे). फक्त जे दिसते ते लिहावे.

अशाच एका सकाळी मी पाहिलेला प्रसंग सांगतो. दांडिया बाजारातल्या एक मराठी आजी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. इंटर्न मुलगा गुजराती होता आणि अतिशय नम्र होता. त्याला मांडीच्या पुढच्या स्नायूचा पहिला साधा व्यायाम करून घ्यायचा होता. तो म्हणाला, "बा, ढींचण दबावो" (आजी, गुडघा दाबा). आजींचा जन्म बडोद्यातला, त्यांना गुजराती उत्तम कळते. त्यांनी लगेच दोन्ही तळहात गुडघ्यावर ठेवले आणि टाक्यांच्या बाजूलाच दाबायला सुरुवात केली. मुलगा गडबडला, त्याने तेच वाक्य थोडे मोठ्याने म्हटले आणि आजींनी आणखी जोराने दाबले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून "या टॉवेलला पायाने खाली दाबा" एवढे म्हटले असते, किंवा स्वतःच्या पायावर एकदा करून दाखवले असते, तर काम झाले असते. याच मुलाने प्रात्यक्षिक परीक्षेत हाच व्यायाम वर्गमित्रावर बिनचूक दाखवला होता. पण वर्गमित्राला व्यायाम आधीपासून येत होता.

यातून संशोधनाचा प्रश्न निघतो तो असा : निरोगी सहविद्यार्थ्यावर दाखवलेले कौशल्य खऱ्या रुग्णापर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर नेमके कोठे अडते? वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड येथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्याला माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, तो करून दाखवतो आणि तो प्रत्यक्ष कामात करतो, अशा त्या पायऱ्या आहेत. आपल्या लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ओस्की परीक्षा (विद्यार्थी एकेका थांब्यावर ठरलेले काम करून दाखवतो आणि ठरलेल्या तक्त्याने गुण मिळतात) तिसरीपर्यंत नेते. चौथी पायरी वॉर्डातच दिसते, आणि माझ्या मते आपल्याकडच्या संशोधनाने तिथेच उभे राहायला हवे.

प्रश्न लहान करण्याची भीती बाळगू नये. "फिजिओथेरपी शिक्षणाची गुणवत्ता" हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. "इंटर्न विद्यार्थी सांधेबदलानंतरच्या रुग्णाला पहिला व्यायाम शिकवताना करून दाखवतात का आणि रुग्णाकडून परत करवून घेतात का" हा विषय होऊ शकतो. त्याचे उत्तर डोळ्यांनी दिसते आणि उत्तर मिळाल्यावर काय बदलायचे तेही कळते.

समाधान मोजू नये, वर्तन मोजावे

नवीन संशोधक हमखास येथे अडखळतात, आणि मीही अडखळलो होतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी पक्षाघाताच्या रुग्णांना बसते-उठते करण्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली आणि शेवटी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. जवळजवळ सर्वांनी "उत्तम" वर खूण केली. मी त्यावरून कार्यशाळा परिणामकारक ठरली असे लिहूनही टाकले. पुढे त्याच गटातल्या एका विद्यार्थिनीला मी रुग्णाचा लुळा हात धरून त्याला खुर्चीतून वर ओढताना पाहिले. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा असा ओढला की निखळण्याचा आणि दुखरा होण्याचा धोका असतो, आणि असे करू नये हे मी कार्यशाळेत पहिल्याच तासाला सांगितले होते. तिने फॉर्म खोटा भरला नव्हता. तिला कार्यशाळा खरोखरच आवडली होती. चूक माझ्या मोजण्यात होती.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. मी पहिल्या स्तरावरचे माप घेऊन तिसऱ्या स्तरावरचा दावा केला होता. विद्यार्थ्याला किंवा व्यावसायिकाला "तुमचा आत्मविश्वास किती वाढला" असे विचारणेही तितकेच अपुरे आहे. डॉक्टरांचे स्वमूल्यमापन आणि बाह्य मूल्यमापन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंचा मेळ फार थोडा होता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता. आपल्या व्यवसायाला हे लागू होणार नाही असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

म्हणून निरीक्षणाचा तक्ता करावा आणि त्यात दिसणाऱ्या कृतीच लिहाव्यात. "रुग्णाशी संवाद चांगला" हे कलम दोन परीक्षक दोन तऱ्हांनी वाचतील. "स्वतः एकदा करून दाखवले", "रुग्णाकडून एकदा परत करवून घेतले", "घरी दिवसातून किती वेळा करायचे ते सांगितले" ही कलमे तशी वाचली जाणार नाहीत. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजण्याची पट्टी) हाती धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एकाच गुडघ्याचे वाकणे दोघांनी मोजले तर आकडे वेगळे येऊ शकतात. हाडाच्या खुणांवर पट्टी कोठे ठेवायची हे आधी एकत्र ठरवले तर फरक कमी होतो. निरीक्षणाचेही तसेच आहे. दोन निरीक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न पाहता, काही सत्रे नोंदवावीत आणि त्यांची सहमती कोहेनच्या कप्पाने (योगायोगाची जुळणी वजा करून सहमती मोजणारा आकडा) तपासावी. केवळ टक्केवारीने सहमती सांगितली तर योगायोगाने जुळलेल्या खुणाही जमेस धरल्या जातात आणि चित्र आहे त्यापेक्षा चांगले दिसते.

सर्व काही नव्याने घडवण्याची गरज नसते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेले 'असेसमेंट ऑफ फिजिओथेरपी प्रॅक्टिस' हे साधन २० कलमांचे असून प्रत्येक कलमाला ० ते ४ गुण आहेत आणि ते क्लिनिकल पोस्टिंगसाठीच बनवलेले आहे. शिकण्याच्या वातावरणासाठी ५० कलमांची, २०० गुणांची 'ड्रीम' प्रश्नावली आहे. परके साधन वापरताना मूळ कर्त्यांची परवानगी घ्यावी, गुजराती किंवा मराठीत भाषांतर करून दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यावे आणि मग चार-पाच जणांना प्रत्येक कलम मोठ्याने वाचून "तुम्हाला यातून काय समजले" असे विचारावे. ही शेवटची पायरी गाळू नये. "फीडबॅक मिळतो का" या प्रश्नावर एका विद्यार्थ्याने मला "हो, सर राउंडला रागावतात" असे प्रांजळ उत्तर दिले होते. त्याच्यासाठी त्या शब्दाचा अर्थच तो होता.

तुलना, प्रायोगिक फेरी आणि संमती

आपल्या महाविद्यालयांत इंटर्न तुकड्यातुकड्यांनी फिरतात : एक तुकडी अस्थिरोगात, दुसरी न्यूरोलॉजीत, तिसरी हृदय-श्वसन विभागात. साडेचार वर्षांच्या जुन्या बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) अभ्यासक्रमात शेवटचे सहा महिने असे जातात. संशोधकाला हा आयताच मिळालेला आराखडा आहे. पहिल्या तुकड्यांना नेहमीचे शिक्षण देऊन त्यांची नोंद घ्यावी आणि पुढच्या तुकड्यांसाठी नवी पद्धत सुरू करावी. मुले वसतिगृहात एकत्र राहतात आणि जे शिकतात ते रात्री एकमेकांना सांगतात, त्यामुळे एकाच वेळी दोन गट वेगळे ठेवण्यापेक्षा ही क्रमाची रचना अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र इंटर्नशिपच्या अखेरीस मुले अनुभवानेच सुधारलेली असतात, हे विश्लेषणात विसरू नये.

प्रायोगिक फेरी टाळण्याचा मोह होतो, कारण वेळ कमी असतो. बडोदेकरांना यासाठी उदाहरण दूरचे शोधावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्यात लागू केले. आपल्यालाही दहा सत्रांवर तक्ता वापरून पाहिला की कोणते कलम कधीच भरले जात नाही आणि कोणते सर्वांना सारखेच गुण देते, ते कळते.

संमतीबद्दल मला ठामपणे सांगायचे आहे. ज्या विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, तो तुम्हाला "नाही" म्हणू शकत नाही, आणि त्याने हसून सही केली म्हणून ती संमती मुक्त ठरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेल्यांना, त्यात विद्यार्थीही आले, विशेष संरक्षण द्यायला सांगतात. म्हणून संमती दुसऱ्या विभागातल्या कोणी घ्यावी, नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि गुण जाहीर होईपर्यंत अध्यापकाने नोंदी उघडू नयेत. रुग्ण समोर असेल तर त्याचीही संमती त्याच्या भाषेत घ्यावी. शैक्षणिक संशोधनाला एथिक्स कमिटीची गरज नाही, असे परस्पर ठरवू नये. सूट द्यायची की नाही हे कमिटीने ठरवायचे असते, आणि अर्ज माहिती गोळा करण्याआधी जायला हवा.

पदवीनंतरचे शिक्षण

व्यावसायिक विकासावरील संशोधन आपल्याकडे आणखी तुटपुंजे आहे, आणि ते अवघडही आहे. कारेलीबागेतल्या एका खोलीच्या क्लिनिकमध्ये एकटा काम करणारा फिजिओथेरपिस्ट शनिवार-रविवारचे टेपिंगचे, ड्राय नीडलिंगचे (स्नायूत बारीक सुई टोचण्याचे), मॅन्युअल थेरपीचे (हाताने करायच्या उपचारांचे) कोर्स करतो, प्रमाणपत्र भिंतीवर लावतो. सोमवारी त्याचा उपचार बदलतो की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. वैद्यकीय क्षेत्रातल्या शैक्षणिक सभा आणि कार्यशाळा यांवरील कॉक्रेन या संस्थेच्या (वैद्यकीय चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणारी) आढाव्यात २००९ मध्ये ८१ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि अपेक्षित व्यवहारातील सुधारणा मध्यकाने (क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधल्या आकड्याने) सुमारे ६ टक्के आढळली. व्याख्यान आणि सराव यांचे मिश्रण असलेल्या सभा अधिक उपयोगी दिसल्या. म्हणजे परिणाम असतो, पण तो लहान असतो, आणि लहान परिणाम पकडायला आपला नमुना पुरेसा मोठा हवा. संख्याशास्त्रज्ञाला सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहितानाच भेटावे.

नमुना मोठा मिळणार नसेल तर मुलाखतींचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. क्लिनिके दुपारी बंद असतात, तेव्हा दोन ते चार ही वेळ मागावी. संध्याकाळी प्रत्येक उत्तरात रुग्णाची हाक येते. सामान्य मते विचारण्याऐवजी समोर एका रुग्णाचा नाव झाकलेला केसपेपर ठेवावा आणि "हा निर्णय कशावरून घेतला, हे कोठे शिकलात" असे विचारावे. माणूस केसपेपरवर बोट ठेवून बोलू लागला की प्रमाणपत्रांची यादी मागे पडते आणि खरे स्रोत पुढे येतात : पहिल्या नोकरीतला वरिष्ठ, फोनवर सल्ला देणारा मित्र, उपचार न लागू पडलेला एखादा रुग्ण. आपले शहर जुम्मादादा व्यायाममंदिराचे आणि तिथे शिष्य घडवणाऱ्या राजरत्न माणिकरावांचे आहे. गुरूच्या हाताखाली हात घडण्याची कल्पना इथल्या लोकांना नवी नाही, आणि मुलाखतीत तिचे पडसाद उमटले तर ते नोंदवावेत.

मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत उतरवून घ्यावी. बडोद्यातले बोलणे एकाच वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असे फिरते. ते आधी शुद्ध इंग्रजीत आणून मग कोडिंग (उत्तरांतल्या आशयाची विषयवार वर्गवारी) केले तर नेमका अर्थ जिथे असतो ते शब्दच गळतात. भाषांतर फक्त अहवालात उद्धृत करायच्या ओळींचे करावे आणि मूळ ओळ शेजारी ठेवावी.

अहवालात आकडेमोडीपेक्षा शिकवण्याचे वर्णन अधिक सविस्तर असावे : कोणी शिकवले, किती तास, एका रुग्णामागे किती विद्यार्थी उभे होते, कोणत्या भाषेत बोलणे झाले. हे नसेल तर ग्वाल्हेर किंवा इंदूरमधल्या अध्यापकाला तोच प्रयोग आपल्या वॉर्डात करून पाहता येणार नाही. निरीक्षणाचा तक्ता परिशिष्टात पूर्ण छापावा. जिथे काम केले त्या वॉर्डाच्या सिस्टरला आणि पोस्टिंगच्या पर्यवेक्षकांना निष्कर्षांचे एक पान त्यांच्या भाषेत द्यावे आणि ते पान पुढची तुकडी रुजू होण्याच्या आधी त्यांच्या हाती पडेल असे पाहावे.