पाइनच्या कोनांची नाताळ सजावट

पहिल्या वर्षी मी कोन, म्हणजे पाइनच्या झाडाची खवल्यांची कडक बोंडं, वेचून आणले आणि तसेच टोपलीत ठेवले. दोन दिवसांनी टोपलीभोवती बारीक किडे फिरायला लागले. तेव्हापासून एक नियम: आधी भट्टी, मग सजावट.

कोन ब्रशने झटका, माती काढा. फार चिकट असतील तर धुवा, पण भिजल्यावर ते मिटतात, घाबरू नका. वाळले की परत उमलतात. ट्रेवर बेकिंग पेपर घालून ओव्हनमध्ये १०० अंशांवर साधारण ४५ मिनिटं ठेवा. किडे जातात, राळ वितळून खवल्यांवर हलकी चकाकी येते आणि घरभर जंगलाचा वास. मात्र ओव्हनसमोरून हलायचं नाही. राळ लगेच पेट घेते.

रंग देताना ब्रश जवळजवळ कोरडा हवा. पांढऱ्या रंगात बुडवा, कागदावर पुसा आणि उरलेला रंग फक्त खवल्यांच्या कडांना लावा. बर्फ भुरभुरल्यासारखा दिसतो. पूर्ण कोन रंगवलात तर तो प्लॅस्टिकचा वाटतो. चमकी? माझ्या घरात बंदी आहे, मार्चपर्यंत चादरीतून निघत नाही.

टांगायला गोंदावर विसंबू नका. बारीक तार बुडाकडच्या खवल्यांच्या रांगेत फिरवून पीळ द्या, तिला सुतळी बांधा. संत्र्याच्या पातळ चकत्या त्याच तापमानावर तीन-चार तास वाळवून मधेमधे ओवल्या की माळ तयार. फक्त मेणबत्तीपासून लांब लावा.