स्टोइक विचार आणि मोजक्या वस्तू: या चुका टाळा

स्टोइक विचार, म्हणजे आपल्या ताब्यात काय आहे आणि काय नाही हे ओळखून जगायला सांगणारं प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान, वाचायला लागलं की पहिली चूक बहुतेकांची एकच असते. राग गिळायचा, रडू दाबायचं, चेहरा कोरा ठेवायचा. काही दिवस जमतं, मग एखाद्या क्षुल्लक कारणावरून भडका उडतो. तुमचं असं होत असेल तर सराव कमी पडत नाहीये, सुरुवातच चुकीच्या जागी झाली आहे. दचकणं, चेहरा पडणं, अंगावर काटा येणं या पहिल्या प्रतिक्रिया कुणाच्याच ताब्यात नसतात, हे सेनेका या रोमन स्टोइक विचारवंतानेच लिहून ठेवलंय. ताब्यात असतं ते त्यापुढचं. मेसेज वाचून डोकं तापलं तर राग आलाय हे आधी मान्य करा. मग कागदावर दोन ओळी लिहा. घडलं काय: ‘उत्तर उशिरा आलं.’ मी त्यात जोडलं काय: ‘मला किंमतच देत नाहीत.’ दुसरी ओळ लिहून झाली की तिचा जोर बराच ओसरतो.

वस्तू कमी करण्याच्या बाबतीत घाई नडते. उत्साहाच्या भरात कपाट रिकामं होतं आणि हळूहळू पुन्हा भरतं, कारण खरेदीची सवय तशीच राहिलेली असते. टाकायला सुरुवात करण्याआधी आणणं थांबवा. आणि घरातल्यांच्या वस्तूंना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. या एका गोष्टीवरून घराघरांत विनाकारण कटुता येते.

‘माझ्याकडे किती कमी आहे’ याचा तोरा मिरवणं हीसुद्धा आसक्तीच. एपिक्टेटस या स्टोइक गुरूचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तेव्हा तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. दिवा वापरायचाच नाही, असा निश्चय त्याने केला नाही. सेनेका अधूनमधून काही दिवस साधं अन्न आणि जाडंभरडं कापड यांवर काढायला सांगतो. मात्र विस्कटलेले केस आणि गबाळे कपडे यांचं प्रदर्शन नको, असंही बजावतो. तेव्हा हा प्रयोग करायचा तर गाजावाजा न करता करा.

‘जे हातात नाही ते सोडा’ हे वाक्य आळसाला पांघरूण म्हणून वापरलं जातं, ते मला सगळ्यात घातक वाटतं. स्टोइक विचारांचा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या कारकिर्दीत (इ.स. 161 ते 180) रोगाची साथही आली आणि सीमेवर युद्धंही झाली, त्याने राज्यकारभार सोडला नाही. नोकरीसाठी निवड होणं तुमच्या हातात नसेल, पण अर्ज वेळेत भरणं, तयारी करणं आणि नकार आला तर कुठे कमी पडलो हे विचारणं, एवढं सगळं आहे.