जुनी रोडबाईक अपग्रेड करायची की नवीन घ्यायची? या चुका टाळा

हा प्रश्न विचारणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांची सायकल मुळात सर्व्हिसलाच आलेली असते. चेन काळी, केबल गंजलेल्या, टायरला बारीक चिरा, ब्रेक पॅड दगडासारखे कडक, आणि अशा सायकलवर सिंहगड चढून आल्यावर माणूस म्हणतो आता हिच्यात दम राहिला नाही, नवीन बघतो. तर सगळ्यात पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच. आजारी सायकलवर बसून निर्णय घेऊ नका. आधी तिला नीट करा, केबल-चेन-पॅड-टायर एवढं बदला, दोन-तीन मोठ्या राईड करा आणि मग ठरवा. हा खर्च वाया जात नाही, कारण सायकल विकायची ठरली तरी चालू स्थितीतल्या सायकलला गिऱ्हाईक मिळतं.

गिअर नीट पडत नाहीत म्हणजे ग्रुपसेट गेला, असं समजणं

हे फार होतं. मागचे गिअर घसरतात, दोन कॉगच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) मध्ये चेन खडखड करते, वरच्या गिअरला सेट केलं की खालचे बिघडतात. मेकॅनिक दोन वेळा ॲडजस्ट करून देतो, चार दिवसांनी परत तेच. मग कोणीतरी सांगतं की आता १०५ (शिमानो कंपनीचा एक ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) टाकून घे.

त्याआधी हँगर बघा. मागचा डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम नरम असतो, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. सायकल उजव्या बाजूला नुसती भिंतीवरून घसरली, ट्रेनच्या लगेजमध्ये कोणी तिच्यावर बॅग टाकली, एवढ्यानेही तो वाकतो. डोळ्यांना दोन-तीन मिलिमीटर कळत नाहीत, पण इंडेक्स गिअरला, म्हणजे एका क्लिकला एक गिअर बदलणाऱ्या सिस्टीमला, तेवढे पुरेसे आहेत. हँगर सरळ करायचं लांब दांड्याचं हत्यार असतं, ते ज्याच्याकडे आहे अशाच मेकॅनिककडे जा, आणि पकडीने अंदाजे वाकवू देऊ नका. जाताजाता एक सांगतो, प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे सायकल जुनी असेल तर स्पेअर हँगर आत्ताच शोधून ठेवा, नंतर मिळणं अवघड जातं.

हँगर सरळ असेल तर केबल. गिअरची आतली वायर १.२ मिमीची असते, बाहेरचं आवरण ४ मिमीचं, आणि ब्रेकचं आवरण ५ मिमीचं. दोन्हींची आतली रचना वेगळी असते. गिअरला ब्रेकचं आवरण कापून लावलेल्या सायकली मी बघितल्यात, त्यावर कुठलाही ग्रुपसेट लावा, गिअर नीट पडणारच नाहीत. उलटं केलं, म्हणजे ब्रेकला गिअरचं आवरण लावलं, तर ते दाबाखाली फाटू शकतं आणि ते सरळ जिवावरचं काम आहे. शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरच्या) तोंडाशी वायर तुटत आलीय का तेही बघा, एक-दोन तार सुटली की गिअर जड होतो, आणि वायर पूर्ण तुटली तर तुकडा आत अडकून बसतो.

लिव्हर दाबला की क्लिकच पकडत नाही, नुसता हवेत फिरतो, असं असेल तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. डब्ल्यूडी-४० सारखं काहीतरी आत भरपूर मारून, शंभर वेळा लिव्हर चालवून, घाण निघून गेली की मग पातळ ऑईल. मेला म्हणून ठरवलेला शिफ्टर यात बरेचदा परत चालू होतो.

आणि चेन मोजा. साधी फूटपट्टी चालते: एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य यायला पाहिजे. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. ११-१२ स्पीडला (मागे ११ किंवा १२ कॉग असतील तर) चेनची झीज मोजायच्या गेजवर ०.५ टक्क्यालाच बदललेली बरी, ८ ते १० स्पीडला ०.७५ पर्यंत चालतं. खूप उशीर केला असेल तर नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या कॉगच्या संचावर) उड्या मारते, मग दोन्ही बदलावं लागतं, पण तरीही ते नव्या सायकलच्या किमतीजवळ कुठेच जात नाही.

"फक्त ग्रुपसेट बदलू" ही सगळ्यात फसवी चूक

इथे लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जातात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे सुरुवातीच्या बऱ्याच रोडबाईकला ७ स्पीड असतं, आणि मागे कॅसेट नसते तर चाकावर आट्यांनी घट्ट बसवलेलं फ्रीव्हील असतं, १४-२८ (सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या कॉगचे दात) वगैरे. त्यावर ८ किंवा ९ स्पीडची कॅसेट बसत नाही, कारण कॅसेटला फ्रीहब (हबचा, कॅसेट सरकवून बसवायचा भाग) लागतो, आणि फ्रीहब म्हणजे नवीन हब, म्हणजे प्रत्यक्षात नवीन मागचं चाक. मग शिफ्टर, चेन, केबल. गिअर वाढवायचे म्हणून निघालेला माणूस अर्धी सायकल विकत घेतो.

८, ९ किंवा १० स्पीडवरून ११ वर जायचं असेल तरी तसंच. शिमानोच्या ८-९-१० स्पीडच्या रोड कॅसेट एकाच फ्रीहबवर बसतात, पण ११ स्पीडच्या रोड कॅसेटला १.८५ मिमी जास्त रुंद फ्रीहब लागतो. (११-३४ ची ११ स्पीड कॅसेट मात्र जुन्या फ्रीहबवरही बसते, ही पळवाट माहिती असलेली बरी.) शिवाय शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांशी जुळले पाहिजेत. शिमानोचेच टियाग्रा ४६०० आणि टियाग्रा ४७००, दोन्ही १० स्पीड, नाव तेच, पण केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं, म्हणून एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा डिरेलर चालत नाही. सेकंडहँड पार्ट घेताना नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर बघा. आणि १२ स्पीडची १०५ तर फक्त डिस्क ब्रेकसाठीच आली, रिम ब्रेकच्या (पॅड चाकाच्या रिमला दाबतात त्या) फ्रेमवर ती घ्यायचा विचारच सोडा.

दुसरं असं की ग्रुपसेट सुटा घेतला तर किरकोळ भावाने पडतो, पूर्ण सायकलवर लागून येतो तेव्हा कंपनीला तो घाऊक भावाने पडलेला असतो. त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे, अपग्रेडची बेरीज तशाच गिअरच्या नव्या सायकलच्या निम्म्यावर गेली की थांबायचं. अर्थात फ्रेम खरंच चांगली आणि अगदी तुमच्या मापाची असेल तर थोडं इकडेतिकडे चालतं.

दुखणं चढाचं आणि इलाज वजनाचा

चढावर दम लागतो म्हणून हलकी सायकल, हे सगळ्यांना पटतं. पण गणित करून बघा. तुम्ही, सायकल, पाणी मिळून ८० किलो असाल आणि १ किलो कमी केलं, तर ते सव्वा टक्का झालं. ५० मिनिटांच्या घाटात जेमतेम ३५-४० सेकंद वाचतात. स्पर्धेत उतरणाऱ्याला हे मोठं आहे, बाकीच्यांनी गिअर बघावा.

जुन्या सायकलवर पुढे ५२/३९ दातांच्या चेनरिंग आणि मागे ११-२५ असेल तर सगळ्यात हलका गिअर ३९/२५, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या १.५६ फेऱ्या. नव्या सायकलवर ३४/३४ मिळतं, म्हणजे १. तोच माणूस, तेच पाय, त्याच चढाला दीडपटीहून हलकं पॅडल. नवीन सायकल "चढते" ती बरेचदा यामुळे, आणि हे जुन्या सायकलवरही बऱ्यापैकी करता येतं: मागे २८ किंवा ३२ ची कॅसेट, पुढे ५०/३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक (पॅडलच्या दांड्या आणि चेनरिंगचा संच). फक्त दोन गोष्टी बघा. एक, डिरेलरचा केज (चेन धरणारा खालचा लटकता भाग) शॉर्ट असेल तर मोठी कॅसेट पेलत नाही. दोन, जुन्या पाच हातांच्या १३० मिमी क्रँकवर (चेनरिंगच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) ३८ च्या खालची चेनरिंग बसतच नाही, म्हणून नुसती रिंग बदलून भागत नाही, क्रँकच बदलावा लागतो.

बीआरएमसाठी (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडसाठी) नवीन सायकल हवी म्हणणाऱ्यांना तर मी कळकळीने सांगेन, २०० किमीला साडेतेरा तास असतात आणि ६०० ला ४० तास. म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या आसपास. नीट ठेवलेली जुनी सायकल हे आरामात करते. ते पैसे चांगल्या लाईटवर, टायरवर आणि सीटवर घाला.

टायरबद्दल एकच: २३ मिमीचे जुने कडक टायर १२० पीएसआयला फुगवून आपल्या रस्त्यांवर चालवणं बंद करा. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली बसत असतील तर २५ किंवा २८ चे चांगले टायर घ्या, बाजूने आणि वरून ३-४ मिमी जागा सुटली पाहिजे, आणि हवा कमी ठेवा. एवढ्या पैशात सायकल इतकी बदललेली दुसऱ्या कशाने जाणवत नाही.

मापात न बसणाऱ्या फ्रेमवर खर्च

मान दुखते, हात बधीर होतात, मग लोक हँडल टेप बदलतात, जेलची सीट लावतात, आणि शेवटी कार्बन सीटपोस्ट घेतात. फ्रेम मोठी असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. आधी फिटिंग करून घ्या. १०-२० मिमी छोट्या स्टेमने (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याने) प्रश्न सुटत असेल तर उत्तम, सायकल ठेवा. स्टेम अगदी आखूड करून आणि सीट पूर्ण पुढे ओढूनही हात ताणलेलेच राहत असतील तर ती सायकल तुमची नाही, कितीही आवडती असो. तिच्यावर एक रुपयाही घालू नका, मापाच्या माणसाला विका.

फ्रेम आणि रिम न तपासता पैसे ओतणं

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हेडट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) खाली, बॉटम ब्रॅकेटजवळ (क्रँक फिरतो तिथे) आणि मागच्या ड्रॉपआउटपाशी (चाक बसतं त्या खाचेपाशी) वेल्डच्या कडेने बारीक रेघ दिसते का बघा. सायकल धुऊन, कोरडी करून, उजेडात. रंगाचा तडा आहे की धातूचा हे कळत नसेल तर जाणकाराला दाखवा, आणि धातूचा असेल तर विषय संपला. कार्बन जोरात आपटला असेल तर तसंच. स्टीलची गोष्ट वेगळी, स्टील दुरुस्त होतं, मागच्या चाकाची १२६ मिमीची जागा जाणकार माणूस १३० पर्यंत उघडूनही देतो. ॲल्युमिनियम आणि कार्बनवर हा प्रयोग कधीच करू द्यायचा नाही.

रिम ब्रेकवाल्यांनी रिमची ब्रेक लागणारी पट्टी बोटाने चाचपावी. खोलगट लागली किंवा झिजेची खूण पुसली गेली असेल तर चाक बदला. पावसाळ्यात चालवणाऱ्यांची रिम लवकर जाते, कारण चिखलातली वाळू पॅडमध्ये रुतून बसते.

आता डिस्कबद्दल. रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क लावून मिळत नाही, कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) धरायला फ्रेम आणि फोर्कवर जागाच नसते, चाकंही वेगळी लागतात. तुम्ही पावसात घाट उतरत असाल, दर वर्षी, नेमाने, तर नवीन सायकल घ्यायला हे माझ्या मते सगळ्यात खरं कारण आहे. बाकीच्यांनी आधी चांगले पॅड लावून बघावेत.

नवीन घेताना

स्टिकरवरची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नाही, बऱ्याच रोडबाईकला पॅडल येत नाहीत, आणि बॉटल केज, पंप, लाईट सगळं वेगळं. केबल हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या बेअरिंगमधून) पूर्ण आत घेतलेली सायकल दिसते सुंदर, पण साधं वरचं बेअरिंग बदलायचं तर बरेचदा हायड्रॉलिक नळ्या सोडाव्या लागतात. पुण्या-मुंबईत हे करणारा सापडेल, लहान गावात राहत असाल तर घेण्याआधी जवळ कोण करतं ते विचारा, नसेल तर बाहेरून केबल असलेलं मॉडेल बघा.

आणि नवीन आली म्हणून जुनी लगेच विकायची घाई नको. फार भाव येत नसेल तर तिला मडगार्ड लावा, पावसाळ्याला ठेवा, किंवा ट्रेनरवर (घरात जागेवर सायकल चालवायच्या स्टँडवर) चढवा. नवीचं मागचं चाक ट्रेनरवर झिजवण्यापेक्षा जुनीवर स्वस्त टायर लावलेला केव्हाही परवडतो.