पहिल्या एकल प्रदर्शनापूर्वी: पुण्यातील तरुण चित्रकारासाठी

प्रदर्शनाचे दालन शोधण्याआधी आपल्या चित्रांची नोंदवही करावी. प्रत्येक चित्राचे शीर्षक, माध्यम, सेंटिमीटरमधील माप, पूर्ण झाल्याचे वर्ष आणि ते सध्या कोणाकडे आहे, एवढे तरी तीत असावे; विकलेल्या चित्राचा चांगला फोटोही जवळ नसल्याची हळहळ बहुतेकांना फार उशिरा वाटते. फोटो भर उन्हात न काढता उत्तरेकडील खिडकीच्या सम प्रकाशात, कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर, चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर धरून काढावा.

त्यानंतर एकाच विषयाचा वा रंगविचाराचा पाठपुरावा करणारी पंधरा-वीस चित्रे निवडावीत. सुटी सुंदर चित्रे वगळणे जड जाते, पण मालिकेतूनच चित्रकाराचा विचार दिसतो. किंमत मापानुसार ठरवावी आणि ती ओळखीपाळखीने बदलू नये.

सुरुवातीला बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन सोयीचे, कारण नाटकाला आलेला प्रेक्षकही आत डोकावतो. मुंबईच्या जहांगीर कलादालनासाठी मात्र बराच आधी अर्ज करावा लागतो. तोवर १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रे पाठवत राहावे.