जुन्या स्लॉट कारची चॅसिस: ओळखताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून (स्लॉटमधून) विजेवर धावणारी छोटी मॉडेल गाडी. अशी जुनी गाडी मिळाली की बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो. चॅसिस चकचकीत होते, फोटोही छान येतो. पण ती कोणी, केव्हा आणि कशासाठी बनवली हे सांगणाऱ्या खुणा कापसाच्या बोळ्यावर निघून जातात. नुसत्या पडून राहिल्याने गाड्या जेवढ्या बिघडतात, त्याहून जास्त त्या दुरुस्तीच्या टेबलावर बिघडतात असं माझं मत आहे. इथे बोलतोय ते मुख्यतः १९६० च्या दशकातल्या १/२४ आणि १/३२ मापाच्या गाड्यांबद्दल. अमेरिकेत भाड्याने शर्यत खेळता येईल असे मोठे ट्रॅक त्याच काळात धडाधड उघडले आणि दशक संपण्याआधीच बहुतेक बंदही झाले.

मोटरवरचं नाव वाचून चॅसिसचं बारसं करणं

ही चूक सर्रास होते. मोटरवर एखाद्या कंपनीचा स्टिकर दिसतो आणि आख्खी गाडी त्या कंपनीची ठरते. प्रत्यक्षात जपानच्या माबुचीने बनवलेल्या एफटी-१६ आणि एफटी-३६ जातीच्या मोटरी कितीतरी ब्रँडच्या नावाने, वेगवेगळ्या रंगांत आणि लेबलांखाली विकल्या गेल्या. शिवाय शर्यतीत मोटर ही झिजायची, जळायची वस्तू. एका हंगामात ती दोन-तीनदा बदलली गेली असणं अगदी शक्य आहे. म्हणजे मोटरवरून मोटर कुठली ते कळतं, चॅसिसचं काहीच कळत नाही.

मोटर ब्रॅकेटवरच्या ठशाचंही तसंच. घरी चॅसिस बांधणारे तयार ब्रॅकेट विकत आणून त्याभोवती स्वतःच्या तारा जोडत. व्हीलबेसवरही (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) फार विसंबू नका, कारण पुढचा भाग मागेपुढे सरकवून वेगवेगळ्या बॉडी बसवता याव्यात अशी सोय बऱ्याच किटमध्ये असायची.

मग बघायचं काय? मागचा अ‍ॅक्सल मोजा: १/८ इंच आहे की ३/३२? बेअरिंगची जागा चॅसिसमध्येच ओतलेली आहे, दाबून बसवली आहे की सोल्डरने जोडली आहे? बॉडी कशावर बसते, आडव्या स्क्रूवर, टाचणीवर की उभ्या खांबावर? वापरात नसलेली भोकं कुठे आहेत? रिकामं भोक फार बोलकं असतं. ते कारखान्यातलं असेल तर कडा स्वच्छ आणि दोन्ही बाजूंना सारखं अंतर. मालकाने पाडलं असेल तर हमखास थोडं तिरकं.

मांडणी न बघता साल ठरवणं

मोटर चॅसिसच्या लांबीत बसली असेल आणि क्राउन गिअर (फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारा गिअर) चाक फिरवत असेल तर ती इनलाइन. मोटर अ‍ॅक्सलला समांतर असेल तर साइडवाइंडर. या दोन्ही मांडण्या दशकाच्या मध्यापर्यंत रूढ झाल्या होत्या. मोटर तिरकी बसवणारी अँगलवाइंडर मांडणी शर्यतींत आली ती १९६८ च्या सुमारास. त्यामुळे कोणी अँगलवाइंडर चॅसिस "१९६५ ची अस्सल" म्हणून पुढे केली तर साल चुकलंय किंवा चॅसिस नंतर कापून बदलली आहे. निओडिमियमचा छोटा चुंबक खाली चिकटवलेला दिसला तर तो निश्चितच नंतरचा. तसे चुंबक १९८० च्या दशकाआधी नव्हतेच.

आजही कित्येक जण जुन्या पद्धतीने पितळ आणि पियानो वायर (कडक पोलादी तार) वापरून नवी चॅसिस बांधतात, आणि सुंदर बांधतात. फसवायचा हेतू नसतो, पण दोन-तीन हात बदलले की नवी चॅसिस आपोआप "जुनी" होते. अशा वेळी खालची बाजू भिंगाखाली धरा. ट्रॅकवर धावलेल्या चॅसिसवरचे ओरखडे बहुतेक लांबीच्या दिशेने असतात, आणि झीज गाइडजवळ (स्लॉटमध्ये बसून गाडीला दिशा देणाऱ्या पात्याजवळ) आणि बाहेरच्या कडांना जास्त दिसते. सॅंडपेपरने आणलेलं म्हातारपण सगळीकडे सारखं पसरलेलं असतं.

धातू न ओळखता साफसफाईला बसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

त्या काळच्या चॅसिस पितळ, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि जस्ताचा मिश्रधातू यांपैकी कशाच्याही असू शकतात; एकाच गाडीत तीन धातू सापडणं नेहमीचं. कॉक्स या अमेरिकन कंपनीच्या १/२४ च्या गाड्यांत मॅग्नेशियमच्या ओतीव चॅसिस मिळतात. धूळ बसल्यावर त्या अ‍ॅल्युमिनियमसारख्याच राखाडी दिसतात. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

पोलाद चुंबकाने लगेच कळतं. बाकीच्यांसाठी पाण्याची युक्ती आहे. सगळे भाग काढून फक्त ओतीव तुकडा कोरडा तोला. मग दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे तुकड्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. १४ ग्रॅमचा तुकडा ८ ग्रॅम दाखवत असेल तर उत्तर १.७५, म्हणजे मॅग्नेशियम. अ‍ॅल्युमिनियमचं उत्तर २.७ च्या आसपास येतं, जस्ताच्या मिश्रधातूचं साडेसहाच्या थोडं वर आणि पितळेचं साधारण साडेआठ. काम झालं की तुकडा लगेच पुसून वाळवा.

मॅग्नेशियम असेल तर व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांपैकी काहीही जवळ आणू नका. आम्ल लागताच धातू फसफसून विरघळायला लागतो आणि ओतकामाची मूळ कातडी कायमची जाते. पांढरी पावडर धरली असेल तर ती कडक नायलॉन ब्रशने कोरडीच झाडा आणि मग मेणाचा पातळ हात द्या. पोलादी स्क्रू जिथे मॅग्नेशियममध्ये बसतो तिथे दोन धातूंच्या संगतीने गंज सर्वांत आधी लागतो. स्क्रू अडकला असेल तर भेदक तेल घालून दोन दिवस वाट बघा. गॅसची टॉर्च नको आणि ग्राइंडर तर नकोच. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग भडकते. कानस चालवावीच लागली तर कोरडी वाळू हाताशी असू द्या.

जस्ताच्या ओतकामाचं दुखणं वेगळं. मिश्रणात शिसं किंवा कथिल अशुद्धी म्हणून राहिलं असेल तर धातू आतूनच कणाकणांच्या सीमेवर कुजतो. तुकडा फुगतो, वाकतो, पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडतात. याला इलाज नाही. इपॉक्सी भरून भेग झाकली तरी खालची कूज थांबत नाही. असा तुकडा कोरड्या जागी ठेवायचा, त्याची मापं घ्यायची आणि गाडी पळवायची असेल तर दुसरा भाग लावायचा.

पितळ त्यामानाने सोशिक, पण त्याचेही दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याची सवय. त्यात जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी तांब्यासारखं दिसू लागतं. दुसरा अमोनिया. पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये तो असतो, आणि ओढून किंवा वाकवून बनवलेल्या पितळी नळीत आधीच ताण भरलेला असतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळेला केसासारखी चीर जाते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली असता तडकायची, ती याच कारणाने. दमट हवेत घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्यांना पुरेसा होता. नळ्यांची चॅसिस साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, हेअर ड्रायरने वाळवा आणि तिथेच थांबा. काळसर तपकिरी थर घाण नाही, तो राहू द्या.

सोल्डर: जुन्यावर नवं थापणं

सांधा सुटलेला दिसला की लोक वरून नवं सोल्डर ओततात. आतला सांधा घाणेरडा असेल तर वरचा गोळा फक्त दागिना ठरतो आणि पहिल्याच धडकेत निघतो. जुनं सोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) लावून शोषून घ्या, धातू उघडा करा, मग जोडा. जुनं सोल्डर बहुधा शिसं आणि कथिलाचं असतं आणि १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतं. आजचं शिसेविरहित सोल्डर २१७ च्या पुढे. एका सांध्यासाठी तेवढी उष्णता दिली की शेजारचे तीन सांधे सैल होतात आणि चॅसिसची भूमिती गेलीच म्हणून समजा. जुन्या चॅसिसवर मी शिसंयुक्त सोल्डरच वापरतो. खिडकी उघडी ठेवायची, हात नीट धुवायचे.

छोटं, कमी वॉटचं आयर्न "सुरक्षित" वाटतं, पण ते सांध्यावर बराच वेळ धरून ठेवावं लागतं आणि उष्णता सगळीकडे पसरते. ६० ते ८० वॉटचं, जाड टोकाचं आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकतं. शेजारच्या सांध्यांवर ओला कागद किंवा धातूचे चिमटे लावा. चॅसिस सपाट जिगवर (भाग जागेवर पकडून ठेवणाऱ्या पाटावर) पक्की बसवल्याशिवाय आयर्न टेकवू नका. जाड काच नुसती सपाटी तपासायला. गरम काम करताना चॅसिसखाली लाकूड किंवा सिरॅमिक हवं, नाहीतर काचच तडकेल.

अ‍ॅसिड फ्लक्स पोलादी तारेवर उत्तम चालतं, पण मागे राहिलं तर आठवड्याभरात तार तांबूस होते. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, मग तेलाचं बोट फिरवा. पियानो वायर लालभडक होईपर्यंत तापवली तर तिचा पीळ मरतो. ती पुन्हा स्प्रिंगसारखी वागत नाही.

आणि प्रत्येक ओबडधोबड सांधा दुरुस्त करायची गरज नसते. शर्यतीच्या रात्री पिटमध्ये घाईने मारलेला तो सोल्डरचा गोळा पक्का असेल तर मी त्याला हात लावत नाही. चॅसिसखाली चिकटवलेल्या शिशाच्या पट्ट्याही तशाच ठेवाव्यात. त्यांच्यावरची पांढरी पावडर मात्र विषारी असते. ती ओल्या फडक्याने पुसा, घासू नका.

आटे जुळवून न बघता नट फिरवणं

१/८ इंचाच्या आटेदार अ‍ॅक्सलवर बहुधा ५-४० या अमेरिकन मापाचे आटे असतात. एम३ नट जवळचा वाटतो, पण त्याचा व्यास आणि पिच दोन्ही वेगळे. जोर लावला की आटे चिरडले. ब्रिटिश गाड्यांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या ब्रिटिश मापाचे स्क्रू निघतात, तिथे ना मेट्रिक चालतं ना अमेरिकन.

मोटर उघडायची घाई

जुन्या उघड्या फ्रेमच्या मोटरींमध्ये, उदाहरणार्थ पिटमनच्या, अल्निको चुंबक असतो. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढलं आणि चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवला नाही, तर त्याची ताकद लगेच घटते. डबीबंद माबुचीत फेराइट चुंबक असल्याने हा धोका कमी. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. २ मिलिमीटरचा शाफ्ट सहज वाकतो, पुलर वापरा. आणि वर्षानुवर्षं झोपलेल्या मोटरला थेट १२ व्होल्ट देऊ नका. बुशमध्ये तेलाचा थेंब टाकून ३ व्होल्टवर काही मिनिटं फिरू द्या.

ट्रॅकवर गाडी नीट चालत नसेल तर

*मागचा भाग थरथरत उड्या मारतो:* चॅसिस कापायच्या आधी टायर बघा. जुना स्पंज एका बाजूला बसून कडक होतो. टायर गोल असेल तर अ‍ॅक्सल काढून काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर खालचा उजेड लुकलुकतो. दोन्ही ठीक असतील तर बेअरिंग एका रेषेत नाहीत. अ‍ॅक्सल घातल्यावर बोटाने ढकलताच तो अलगद फिरला पाहिजे.

*एकाच दिशेच्या वळणावर गाडी बाहेर पडते:* चॅसिस पिळलेली असणार. काचेवर ठेवून चारही कोपरे आळीपाळीने दाबा. डुलत असेल तर वाकवण्याआधी कुठला सांधा सुटलाय ते शोधा. तार बहुतेक वेळा सरळच असते, सांधा सरकलेला असतो.

*सरळ रस्त्यावरही गाइड स्लॉटमधून वर येतं:* पुढची चाकं गाइडला उचलून धरत असतील. नवे, मोठे टायर लावल्यावर हे हमखास होतं. इथे एक पोटचूक: १९५७ च्या पत्र्याच्या स्केलेक्सट्रिकमध्ये पातं नव्हतंच, गाडीखाली एक छोटं फिरतं चाक स्लॉटमध्ये बसायचं. ते काढून आधुनिक गाइड लावलं तर गाडी धावेल, पण तिची ओळख सांगणारा मूळ भाग तुम्ही काढून टाकलेला असेल.

*मोटर हातात धरून सुसाट फिरते, ट्रॅकवर गाडी ओढत नाही आणि तापते:* चुंबक कमजोर झाला आहे. कमजोर चुंबकाची मोटर रिकामी असताना उलट जास्तच वेगाने फिरते, त्यामुळे लोक फसतात आणि गिअर बदलत बसतात. चुंबक पुन्हा भारून घ्या. त्यानेही फरक पडला नाही तर क्राउन गिअर आणि पिनियनमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून फिरवा. कागद फाटला तर दात फार घट्ट बसलेत, नुसत्या घड्या पडून बाहेर आला तर जुळणी ठीक आहे, मग मोटरचे ब्रश (आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या फटींतली कार्बनची भुकटी साफ करायला घ्या.